पतसंस्थांच्या परिषदा आणि नेतृत्वाची तालीम

(हिरकणीवाडी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर पतसंस्थेचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर जून महिना देतो. शाळा-कॉलेजची फी, गणवेश, वह्या-पुस्तके, वसतिगृहाचे पैसे हे सगळे एकाच वेळी उभे राहते. ज्यांच्या घरचे कोणी आखातात किंवा बोटीवर आहे ते पैशाची वाट पाहतात. ज्यांचे कोणी नाही त्यांच्या घरातला दागिना सराफाच्या दुकानात जातो, नाहीतर मुलाचे नाव कॉलेजातून कमी होते. अशा घराला वेळेवर आणि इज्जतीने कर्ज देणारी, आणि त्याच घराची पिग्मीतली पै-पैची बचत सांभाळणारी संस्था जवळ असणे, ही शिक्षणाचीच एक गरज आहे. म्हणून पतसंस्था कशी चालते आणि ती चालवणारी माणसे कुठे व कशी शिकतात, हा विषय आपण पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घेतला पाहिजे.

आपण आज रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत जमलो आहोत. हिरकणीची आख्यायिका इथल्या पोरासोरांना पाठ आहे. दूध विकायला गडावर गेलेली ती गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी रडणारे तान्हे मूल आणि अवघड कडा उतरून खाली आलेली ती आई. आपण तिच्या धैर्याचे आणि मायेचे गोडवे गातो, ते योग्यच आहे. पण कथेचा पुढचा भाग आपण घाईने सांगून टाकतो. आख्यायिका असे सांगते की, महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी हिरकणीला शिक्षा केली नाही, तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला. आणि जिथून ती उतरली होती तिथे बुरूज बांधून ती वाट बंद केली. राज्यकर्त्याचे शहाणपण या दोन्ही गोष्टींत मिळून आहे. तटातली उणीव दिसली तर ती दाखवणाऱ्यावर रागवायचे नाही, आणि उणीव तशीच ठेवायचीही नाही.

पतसंस्थेचे नेतृत्व म्हणजे हेच काम आहे, असे माझे नम्र मत आहे. आपल्या तटाला कुठे उणीव आहे हे घरात बसून सहसा दिसत नाही. ते दुसऱ्याच्या तटाशी ताडून पाहिले म्हणजे दिसते. परिषदा त्यासाठी असतात.

प्रथम पतसंस्था म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. सभासद भाग भांडवल देतात, ठेवी ठेवतात आणि त्याच पैशातून सभासदांना कर्ज मिळते. प्रत्येक सभासदाला मत एक, मग त्याचा भाग एक असो की शंभर. ही कल्पना जर्मनीत रायफायझन नावाच्या एका ग्रामप्रमुखाने रुजवली. सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी त्याने १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे कर्जसंस्था काढली. क्षेत्र लहान असावे, सभासद एकमेकांना ओळखणारे असावेत आणि कर्ज माणसाच्या चारित्र्यावर द्यावे, हे त्याचे धोरण. आपल्या देशात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तो याच विचाराचा आधार घेऊन.

आता एक गोष्ट ऐका. १९०७ साली एडवर्ड फायलीन नावाचा बोस्टनचा एक मोठा व्यापारी जगप्रवास करीत हिंदुस्थानात आला. बंगालच्या खेड्यांत त्याने या नव्या सहकारी पतसंस्था पाहिल्या. गरीब शेतकरी एकत्र बसून आपल्याच पैशाचा हिशेब करताहेत, हे दृश्य त्याच्या मनात ठसले. मायदेशी परतल्यावर तो त्या विचारामागे लागला. १९०९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात पतसंस्थांचा कायदा झाला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. म्हणजे जर्मनीत जन्मलेला विचार हिंदुस्थानच्या खेड्यात आला आणि तिथून पाहून एका व्यापाऱ्याने तो अमेरिकेत नेला. पाहणे, विचारणे आणि घरी नेऊन करणे या तीन क्रियांवर सहकाराची चळवळ जगभर पसरली आहे.

पुढे १९३४ साली कोलोरॅडो राज्यातील एस्टेस पार्क येथे ठिकठिकाणच्या पतसंस्थांच्या प्रतिनिधींची परिषद भरली आणि त्यातून त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी त्या संघटनेने स्वतःची विमा संस्था काढली. कर्जदार वारला तर त्याचे कर्ज विम्यातून फिटावे, विधवेच्या आणि मुलांच्या डोक्यावर राहू नये, हा हेतू. आपल्या मोहल्ल्यातील कर्ता माणूस गेल्यावर घरावर काय ओढवते ते तुम्हाला मी सांगायला नको. परंतु ध्यानात घ्या, कोणतीही एक लहान संस्था हा विमा एकटी उभा करू शकत नव्हती. अनेक संस्था एका जागी बसल्या तेव्हाच ते शक्य झाले.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला तर याहून ठळक आहे. अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली गावची सहकारी पतपेढी काढली. फारसे शालेय शिक्षण न झालेला हा शेतकरी. पतपेढी चालवता चालवता माणसे जोडली गेली, हिशेबाची शिस्त आली, विश्वास कमावला गेला. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आताचे श्रीरामपूर, येथे कालव्यावरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तिथे पुढे आला. तो ऐकून पुष्कळ लोक घरी गेले असतील. विखे पाटील मात्र त्याच्या मागे लागले, गावोगाव फिरून भाग गोळा केले, आणि १९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

यात तीन गोष्टी आहेत. पतपेढीने माणसे घडवली, परिषदेने त्यांना कल्पना दिली आणि नेतृत्वाने ती कल्पना जमिनीवर आणली. यातली एक जरी वजा केली तरी कारखाना उभा राहत नाही. पतपेढीचा अनुभव नसता तर विखे पाटलांवर विश्वास कोणी ठेवला असता? परिषद नसती तर एका खेड्यातला शेतकरी आणि पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ एकत्र कसे आले असते?

परिषद म्हणजे काय हे महाडकरांना तरी बाहेरच्या माणसाने सांगायला नको. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद याच महाडात भरली. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ पासून कागदावर पडून होता. परिषदेचे प्रतिनिधी २० मार्चला मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि तो ठराव त्यांनी आपल्या ओंजळीने अंमलात आणला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती, तेव्हा जागा मिळेना. फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. पतसंस्थेची परिषद आणि तो मानवी हक्कांचा लढा यांची बरोबरी कोणी करणार नाही. परंतु ठरावाची किंमत तो करताना होणाऱ्या टाळ्यांवरून ठरवायची नसते, दुसऱ्या दिवशी पाऊल कुठे पडते त्यावरून ठरवायची असते, हे या तालुक्याच्या मातीतच आहे.

आता एक आक्षेप आहे, तो मी मोकळेपणाने मांडतो. सभासद विचारतात, “परिषदेला जायचे म्हणजे प्रवास, मुक्काम, जेवणावळी. हा खर्च आमच्या पैशातून कशाला? संचालक जातात, शाल-श्रीफळ घेतात, फोटो काढतात, देवदर्शन किंवा फिरणे उरकून येतात. संस्थेला काय मिळते?” हा आक्षेप खोटा नाही. मी अशी अधिवेशने पाहिली आहेत की जिथे उद्घाटनाला सभागृह भरलेले असते आणि दुपारी थकबाकीच्या विषयावर बोलणाऱ्या तज्ज्ञासमोर रिकाम्या खुर्च्या असतात. अशा सहलींवर सभासदांनी बोट ठेवलेच पाहिजे.

परंतु म्हणून जाणेच बंद करावे, हा त्यावर उपाय नव्हे. विहिरीत गाळ साचला म्हणून आपण विहीर बुजवत नाही, गाळ काढतो. न जाण्याची किंमतही मोठी आहे, ती फक्त पावतीवर दिसत नाही. ती कशी, ते पाहा.

महाड बाजारपेठेतील एखाद्या लहान पतसंस्थेचे उदाहरण मनात आणा. तिचे बहुतेक कर्जदार त्याच बाजारातील दुकानदार. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी बाजारात शिरले. एका रात्रीत जवळजवळ सर्वच कर्जदारांचा माल भिजला. त्याच सुमारास आपल्या तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि कुटुंबेच्या कुटुंबे गेली. अशा वेळी हप्ते थांबतात, आणि त्याच दिवशी ठेवीदार घर सावरण्यासाठी ठेवी परत मागतात. पैसा येणे बंद आणि जाणे सुरू! सगळे कर्ज एकाच खोऱ्यात असणे हा किती मोठा धोका आहे, हे एरवी हिशेबात दिसत नाही. सांगली-कोल्हापूरच्या संस्थांनी २०१९ च्या महापुरात हेच भोगले, चिपळूणच्या संस्थांनी आपल्याबरोबरच २०२१ मध्ये. हप्ते किती महिने पुढे ढकलावे, कोणाला नवे कर्ज द्यावे, कागदपत्रे कोणत्या मजल्यावर ठेवावी, नोंदींची दुसरी प्रत कुठे असावी, दुकानाचा विमा कर्जाच्या वेळीच कसा उतरवून घ्यावा, हे प्रश्न ज्यांनी सोडवले त्यांच्याशी एक दिवस बसणे म्हणजे मागच्या पुराचे ज्ञान पुढच्या पुराआधी घरी आणणे होय.

दुसरा धोका पाण्याचा नसून माणसांचा असतो. आपल्याच जिल्ह्यात २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि लाखाहून अधिक ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांच्यात मुलीच्या लग्नासाठी, हजसाठी, मुलाच्या शिक्षणासाठी साठवणारे लोक होते. तो धडा पतसंस्थांना अधिकच लागू आहे. कारण बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे, २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते संरक्षण नाही. हे वाक्य कृपा करून घरी जाऊन पुन्हा एकदा बोला. पतसंस्थेतील तुमच्या ठेवीचे खरे संरक्षण म्हणजे संचालकांची सचोटी, त्यांचे ज्ञान आणि तुमची जागरूकता. यातील सचोटी घरातून येते. ज्ञान मात्र कमवावे लागते.

म्हणूनच कायद्यानेही याची दखल घेतली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ साली दुरुस्ती होऊन कलम २४-अ आले. त्यानुसार संस्थेने आपल्या सभासदांना, पदाधिकाऱ्यांना व सेवकांना सहकाराचे शिक्षण व प्रशिक्षण द्यावे, अशी अपेक्षा आहे. पुण्याचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ १९१८ पासून हेच शिक्षणाचे काम करीत आला आहे. पतसंस्थांचे राज्य फेडरेशनही परिषदा आणि वर्ग घेते. दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबर हा सहकार सप्ताह असतो. संधी नाहीत असे म्हणायला जागा नाही.

शिकण्याचा एक नमुना आपल्या शेजारच्या देशातला सांगतो. अख्तर हमीद खान हे इंग्रजी अमदानीतले सनदी अधिकारी. ती मोठी नोकरी सोडून ते लोकांत गेले आणि १९५९ नंतर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, कोमिल्ला येथे, गरीब शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था त्यांनी उभ्या केल्या. त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येक गावच्या संस्थेने आपल्यातलाच एक माणूस निवडायचा, त्याने दर आठवड्याला ठाण्याच्या केंद्रावर शिकायला यायचे आणि गावी परत जाऊन साप्ताहिक सभेत ते सर्वांना सांगायचे. प्रत्येक सभेत प्रत्येकाने थोडी तरी बचत भरायची. परिषद वर्षातून एकदाच आणि मोठ्या शहरातच भरली पाहिजे असे नाही. महाड-पोलादपूरच्या लहान संस्थांचे व्यवस्थापक महिन्यातून एकदा एका खोलीत बसले तरी ती परिषदच आहे. तिथे चहाचा खर्च पुरे.

आता जाणाऱ्याने काय करावे ते सांगतो. जाण्यापूर्वी संचालक मंडळाने आपल्या अडचणींचे तीन प्रश्न लिहून काढावेत. आपली थकबाकी का वाढते? जामीनदार नुसता सहीपुरता का राहतो? तरुण सभासद का येत नाहीत? ते प्रश्न खिशात घालूनच निघावे. तिथे व्यासपीठाजवळच्या खुर्चीपेक्षा जेवणाच्या पंगतीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण खरे अनुभव माणसे पंगतीत सांगतात. बुडालेल्या संस्थेचा माणूस भेटला तर त्याला टाळू नये, त्याच्याजवळ सर्वांत आधी बसावे. नेहमी अध्यक्षांनीच जाऊ नये. एक संचालक, एक कारकून आणि एक तरुण सभासद असे पाठवावे. परत आल्यावर पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यावा, तो सूचना फलकावर लावावा आणि वार्षिक सभेत वाचावा. जो अहवाल देणार नाही, त्याचा प्रवासखर्च मंजूर करू नये. एवढा एक नियम केला तर सहली आपोआप बंद पडतील आणि परिषदा उरतील.

आपल्या समाजापुढे एक प्रश्न आणखी आहे आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. व्याजाचा प्रश्न. पुष्कळ घरे व्याज नको म्हणून पतसंस्थेपासून दूर राहतात आणि अडचण आली की सावकाराच्या दारी जातात, जिथे व्याज कितीतरी पटींनी जास्त असते. दीनी निर्णय देणे हे उलेमांचे काम, माझे नव्हे. परंतु बिनव्याजी व्यवहाराचे प्रयोग झाले आहेत. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून बिनव्याजी ठेवी घेऊन सोन्याच्या तारणावर कर्ज देत आला. अशा संस्था कार्यालयाचा खर्च कसा भागवतात, सेवाशुल्क किती घेतात, ते कर्जाच्या रकमेवर घेतात की प्रत्यक्ष खर्चावर, आणि त्यांतल्या काही टिकल्या व काही बंद का पडल्या, याचा अभ्यास भावनेने होणार नाही. त्यासाठी हिशेब जाणणारी आणि दीन जाणणारी माणसे एका परिषदेत समोरासमोर बसली पाहिजेत. ते काम आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेनेच हाती घेण्याजोगे आहे.

पालकहो, नेतृत्व फक्त संचालकांचे असते असे समजू नका. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. त्या सभेला जा. अल्पोपाहार घेऊन निघू नका, चार प्रश्न विचारा. लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता मिळाला? थकबाकी किती टक्के? संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडे कर्ज किती? ठेवी परत करण्यासाठी हाताशी रक्कम किती? प्रश्न विचारणाऱ्याला कोणी “विरोधक” म्हटले तर हिरकणीची आठवण द्या. तिने वाट दाखवली म्हणून गडाचा तट पक्का झाला.

माता-भगिनींनो, तुम्ही मोहल्ल्यात भिशी चालवता. बारा-पंधरा वर्षे एकही पाळी न चुकता, कागदाशिवाय, केवळ शब्दावर. हा अनुभव पतसंस्थेच्या संचालक मंडळात का नको? बचत गटाचे पुस्तक लिहिणारी मुलगी उद्या पतसंस्थेची व्यवस्थापक का होऊ नये? पुढच्या परिषदेला जाणाऱ्या तिघांत एक नाव बाईचे असावे, असा आग्रह तुम्हीच धरा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला वाटते नेतृत्व म्हणजे भाषण. मी तुम्हाला त्याहून कठीण काम सांगतो. शाळेत सहकारी वस्तुभांडार काढा. वह्या-पेन्सिली घाऊक भावाने आणा, रोजची विक्री लिहा, संध्याकाळी पेटीतले पैसे आणि वहीतला आकडा जुळवा. दोन रुपये कमी आले तर का आले ते शोधल्याशिवाय घरी जाऊ नका. वर्षाअखेर सगळ्या वर्गासमोर हिशेब वाचा आणि शेजारच्या शाळेच्या मुलांना बोलावून त्यांचा हिशेबही ऐका. ही तुमची पहिली परिषद. ज्याला दोन रुपयांचा फरक झोपू देत नाही, त्याच्या हाती उद्या दोन कोटींच्या ठेवी निर्धास्तपणे द्याव्यात.

या वर्षी आपल्या परिसरातील पतसंस्थांच्या एका संचालकाला, एका सेवकाला आणि एका तरुण सभासदाला परिषदेस पाठवावे, आणि त्यांनी परत आल्यावर याच शिक्षणसंस्थेच्या सभागृहात पालकांसमोर अहवाल वाचावा, अशी सूचना मी आपल्यापुढे ठेवतो. अहवाल ऐकायला आपण सर्वांनी यावे. तो ऐकून झाल्यावर एकच विचारावे, “यातले उद्यापासून काय सुरू करणार?”